‘चेक’ हा शब्द एकच की चार?

प्रश्न इंग्रजीच्या एका शिक्षकांचा आहे. वर्गातल्या मुलाने त्यांना विचारलं, की बुद्धिबळातला चेक, शर्टावरचे चेक्स, बँकेचा चेक आणि ‘बाईंनी वही चेक केली’ यातलं चेक हा एकच शब्द आहे, की उच्चार सारखा असलेले चार? बँकेच्या चेकचं स्पेलिंग मग निराळं का? त्याला जोडून सरांचा स्वतःचाही एक प्रश्न आहे : बँकेचा चेक हा मूळचा अरबी ‘सक्क’ असं सांगणारा मजकूर मोबाइलवर फिरतो, तो खरा मानायचा का? इंग्रजी-मराठी भाषांतर आणि कोशाचं काम हा माझा रोजचा उद्योग, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी निकाल सांगून टाकते. चारही एकाच घराण्यातले. मूळपुरुष फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. मात्र घराण्याच्या शाखा दोन : एक पटावरच्या राजाची, दुसरी खुद्द पटाची. अडवणं, आवरणं, तपासणं आणि बँकेचा चेक ही राजाकडची मंडळी. शर्टावरचे चेक्स आणि ब्रिटनच्या अर्थखात्याचं जुनं नाव ही पटाकडची. बँकेच्या चेकला अर्थ मिळाला राजाच्या शाखेकडून आणि स्पेलिंग मिळालं पटाच्या शाखेकडून. तुमच्या विद्यार्थ्याला अडखळायला झालं ते नेमकं या ठिकाणी.

आता ‘शाह’चा ‘चेक’ कसा झाला ते पाहू, कारण उच्चार इतके लांब गेले आहेत की नुसतं सांगून कुणाला पटत नाही.

बुद्धिबळ भारतातून इराणात गेलं तेव्हा ‘चतुरंग’चं ‘चतरंग’ झालं. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं. अरबीत ‘च’ नाही आणि ‘ग’ही नाही, म्हणून त्यांनी ‘शतरंज’ केलं. तेच नाव पुढे फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे परतलं. पटावरच्या राजाला इराण्यांनी आपल्या भाषेत ‘शाह’ केलं आणि त्याच्यावर हल्ला झाला की खेळणारा ‘शाह!’ असं म्हणून समोरच्याला सावध करी. आपण मराठीत ‘शह दिला’ म्हणतो तो हाच शाह. म्हणजे ‘शह’ला इंग्रजीत ‘चेक’ म्हणतात असं आपण शिकवतो खरं, पण शब्द एकच आहे. एक इराणातून थेट आपल्याकडे आला, दुसरा निम्मा युरोप पायाखाली घालून. (हल्ली स्पर्धांमध्ये ‘चेक’ असं तोंडाने म्हणायची सक्ती नाही. समोरच्याने स्वतःच बघून घ्यायचं.)

अरबांकडून खेळ दक्षिण युरोपात पोचला. मध्ययुगीन लॅटिन लिहिणाऱ्यांनी ‘शाह’चं ‘स्काकुस’ केलं. शेवटच्या ‘ह’चा ‘क’ झाला याचं नवल वाटायला नको. त्या काळच्या लॅटिनमध्ये ‘ह’ तोंडातून गेलेलाच होता, आणि जिथे तो म्हणायचाच असे तिथे ‘क’ पुढे येई. ‘मला’ या अर्थाचा ‘मिही’ हा शब्द त्या वेळचे लेखनिक सर्रास ‘मिकी’ असा लिहीत. पुढचं काम फ्रेंच जिभेने केलं. शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ला जोडून दुसरं व्यंजन आलं की त्या जिभेला आधी एक स्वर लागायचा. आपल्याकडे स्टेशनचं इस्टेशन होतं तसंच तिथे शाळेच्या ‘स्कोला’चं ‘एस्कोल’ झालं. शिवाय लॅटिनमधल्या ‘का’तल्या ‘क’चा जुन्या फ्रेंचमध्ये ‘च’ होत असे. अशी ‘स्काक’ची ‘एस्चेक’ झाली. इंग्लंडात आल्यावर सुरुवातीचा ‘एस्’ गळाला, उरला ‘चेक’. चौदाव्या शतकापासून तो इंग्रजीत सापडतो आणि त्याचा पहिला अर्थ पटावरचा शह हाच.

‘चेस’ हे खेळाचं नावही वेगळं नाही. ‘एस्चेक’च्या फ्रेंच अनेकवचनातून ते आलं. जर्मन ‘शाख’, इटालियन ‘स्काकी’, रशियन ‘शाखमाती’, सगळीकडे तोच शाह बसलेला आहे. आजच्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ अनेकवचनात असेल तर बुद्धिबळ आणि एकवचनात असेल तर अपयश. इराणच्या राजाची पॅरिसमध्ये ही गत झाली.

‘चेकमेट’बद्दल मुलं हमखास विचारतात. मूळ ‘शाह मात’. अरबीत ‘मात’ म्हणजे ‘मेला’, म्हणून ‘राजा मेला’ असा अर्थ बऱ्याच पुस्तकांत दिसतो. मला तो पटत नाही. बुद्धिबळात राजा मारला जात नाही, तो फक्त कोंडला जातो. आणि फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, काही सुचेनासा झालेला. खेळाशी जुळतो तो हा अर्थ. मराठीत तोच शब्द ‘मात देणे’ आणि ‘संकटावर मात करणे’ मध्ये इतका मुरला आहे, की आजारावर मात केलेल्या माणसाचं अभिनंदन करताना आपण बुद्धिबळातला शब्द वापरतोय हे कुणाच्या गावीही नसतं.

इथे थोडं आडवाटेला जाते. ‘शाह’चं जुनं इराणी रूप ‘ख्शायथिय’. प्राचीन इराणचा सम्राट डेरियस याच्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात तो स्वतःला हेच म्हणवून घेतो. यातला ‘ख्शाय’ म्हणजे वैदिक संस्कृतातल्या ‘क्षयति’चा, सत्ता चालवण्याच्या क्रियापदाचा सख्खा भाऊ. ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ त्याच कुळातले. ‘क्षत्र’ला इराणात ‘ख्शथ्र’ म्हणत, म्हणजे राज्य. त्याचं झिजून झालं ‘शहर’. इराणी सुभेदाराला जो शब्द होता त्याचं संस्कृत रूप ‘क्षत्रप’. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखात नहपानाच्या नावामागे तो कोरलेला आहे. तेव्हा शह, शहर, क्षत्रिय, क्षत्रप आणि इंग्रजी चेक हे सगळे मुळाशी नातलग. शहाजीराजांच्या नावातही हाच शाह आहे. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस करून झालेल्या मुलांची नावं मालोजींनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. पण ‘शहाणा’ला या ओळीत बसवू नका, तो ‘सज्ञान’कडून आला. व्यापारी समाजातलं ‘शहा’ हे आडनावही बहुधा ‘साधू’, ‘साहू’, ‘साव’ या ओळीतलं आहे, गादीवरच्या शाहशी त्याचा संबंध नाही. सारखा उच्चार दिसला की नातं जोडायचा मोह होतो आणि व्युत्पत्तीतल्या निम्म्या भानगडी तिथेच होतात.

आता राजाची शाखा. शह बसला की तुमची पुढची सगळी मनसुबेबाजी थांबते. आधी राजा वाचवा, मग बाकीचं. या थांबण्यातून इंग्रजीत ‘चेक’चा दुसरा अर्थ निघाला : अचानक अडणं, अडवणं, लगाम घालणं. शिकारी ससाणा हेरलेलं पाखरू सोडून मध्येच दुसऱ्याच्या मागे वळला तर तोही ‘चेक’ झाला म्हणत. रागाला आवर घालणं, महागाईला आळा घालणं, राज्यकारभारातल्या सत्तांनी एकमेकींना धाक ठेवणं, सगळीकडे चेक.

हा अर्थ मराठी माणसाला पाठ्यपुस्तकात कमी आणि हाताला लागलेल्या वस्तूंत जास्त भेटतो. सायकलच्या दुकानातला ‘चेकनट’ घ्या. आसावरचा पहिला नट हवा तेवढा आवळून झाला की त्याला भिडवून दुसरा नट घट्ट बसवतात, म्हणजे हादऱ्यांनी पहिला सैल होत नाही. तो काही तपासत नाही, अडवतो. नाल्यावरचा ‘चेक डॅम’ही तसाच. पाण्याचा वेग मोडायचा, गाळ धरायचा, पाणी जमिनीत जिरू द्यायचं. एका शासकीय मजकुरात मी ‘तपासणी धरण’ असं भाषांतर छापलेलं पाहिलं आहे. गावात कुणालाही विचारलं असतं तर ‘बंधारा’ हा शब्द फुकट मिळाला असता. रेल्वेच्या फाटकात रुळाच्या आतल्या बाजूने जोडीला दुसरा रूळ असतो, तीव्र वळणावर तो आतल्या रुळाला लागून असतो. त्याचं नाव ‘चेक रेल’. चाकाची कड भलतीकडे सरकू नये म्हणून तो तिला धरून ठेवतो. चेकनट, चेक डॅम, चेक रेल ही तीन नावं फळ्यावर लिहा आणि तिघांत समान काय ते विचारा. ‘चेक म्हणजे तपासणे’ हे पाठ केलेल्या मुलांना हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

अडवण्यापासून तपासण्याकडे शब्द कसा वळला, हा या कथेतला सर्वांत महत्त्वाचा सांधा. तपासायचं कशासाठी? चूक किंवा लबाडी अडवायला. आणि जुन्या काळी लबाडी अडवायची एकच खात्रीची रीत होती : दुसरी प्रत ठेवायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. इंग्लंडच्या राजाच्या गोद्यांमध्ये ‘क्लार्क ऑफ द चेक’ नावाचा अंमलदार असे. कामावर कोण आलं, कोण नाही याची नोंद त्याच्याकडे. पगार त्या नोंदीशी ताडून निघे. म्हणजे त्याचा चेक हा हजेरीपटही होता आणि आळाही होता. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ‘ताडून पाहणे, पडताळणे’ हा अर्थ रुळला आणि आज तोच सर्वांवर मात करून बसला आहे.

याला एक जोडीदार आहे, तो बघितला की साखळी अधिक पक्की वाटते. ‘कंट्रोल’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘कोंत्रारोतुलुस’चा, म्हणजे पडताळ्यासाठी ठेवलेल्या दुसऱ्या गुंडाळीचा, प्रति-नोंदवहीचा. तिथेही दुसरी वही आधी, नियंत्रण नंतर. आपल्या महालेखापरीक्षकांच्या इंग्रजी पदनामात ‘कंट्रोलर’ चमत्कारिक स्पेलिंगने लिहितात, मध्ये एक ‘पी’ घुसडलेला असतो. तो आला हिशेबाच्या फ्रेंच शब्दावरून. अर्थ एकाचा, अक्षरं दुसऱ्याची. बँकेच्या चेकचं हेच झालं.

दुसरी प्रत म्हणजे चेक. मग तिचं चिटोरं झालं, बिल्ला झाला. सामान ठेवलं की अर्धा बिल्ला सामानाला, अर्धा तुमच्या हातात. अमेरिकेत अशा बिल्ल्यालाही चेक म्हणतात आणि हॉटेलातल्या बिलालाही. बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर तिकिटाचा तुकडा पुन्हा चालायचा, तो ‘रेनचेक’. हे अर्थ मराठीत आले नाहीत, येण्याचं कारणही नव्हतं. आपण घेतलं ते आपल्या उपयोगाचं : तिकीट चेकर, चेकिंग आणि चेकनाका. मुलुंडचा चेकनाका तर आता थांब्याचं आणि वस्तीचं नावच झाला.

आता बँक. पैसे देण्याचा लेखी हुकूम चेक या नावाच्या आधीपासून होता. लंडनमधल्या सराफी पेढीवर काढलेला ४०० पौंडांचा १६५९ या तारखेचा हुकूम आजही जपलेला आहे, पण त्याला तेव्हा चेक म्हणत नव्हते. हाताने लिहिलेल्या अशा कागदात फेरफार करणं सोपं. म्हणून १७१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने छापील कागद द्यायला सुरुवात केली. ग्राहकाने स्वतः जाऊन रोखपालाकडून क्रमांक घातलेला नमुना घ्यायचा. अशा कागदांना एक स्थळप्रतही असे. हुकूम वठवायला आला की तो स्थळप्रतीशी जुळवून पाहायचा. लबाडीला आळा घालणारी ही स्थळप्रत म्हणजे ‘चेक’. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत शब्दाचा हाच अर्थ होता. पुढे लोक सोयीने अख्ख्या कागदालाच चेक म्हणू लागले आणि स्थळप्रतीसाठी दुसरा शब्द उरला, ‘काउंटरफॉइल’. त्या शब्दाची गोष्ट पुढे येते आहे.

दुसरी शाखा पटाची, आणि माझ्या मते जास्त देखणी. ‘एस्चेक’वरून पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेकिए’ म्हणत. इंग्रजीत तो ‘चेकर’ झाला, आणि चेकरसारखे चौकोन असलेलं कापड आखडून ‘चेक’. शर्टावरचे चेक्स ते हे. मोटारींच्या शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडाही तोच. पोर्तुगीजांनी इथे वेगळी वाट धरली. त्यांचा ‘शाद्रेश’ म्हणजे बुद्धिबळही आणि चौकटींचं कापडही, पण तो शब्द ‘शतरंज’वरून आलेला. त्यामुळे एकच शर्ट इंग्रजीत इराणच्या शाहकडे जातो आणि पोर्तुगीजमध्ये थेट संस्कृत ‘चतुरंग’कडे.

याच पटावरून इंग्लंडच्या तिजोरीखात्याचं नाव पडलं, ‘एक्सचेकर’. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ आहे. असं नाव का, याचं उत्तर बाराव्या शतकातल्या खजिनदाराने स्वतःच लिहून ठेवलं आहे. द्वितीय हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने आपल्या खात्याची माहिती गुरू-शिष्याच्या संवादरूपात लिहिली, आणि त्यातला शिष्य हाच प्रश्न विचारतो. गुरू सांगतो : मेज सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, वर ठेवलेलं काही घरंगळू नये म्हणून भोवती चार बोटं उंचीची कड. मेजावर दरवर्षी ईस्टरच्या सुमारास घेतलेलं नवं काळं कापड अंथरायचं. त्यावर एकेक फूट किंवा एकेक वीत अंतरावर रेघा. एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला हिशेब द्यायला आलेला परगण्याचा शेरीफ. रेघांमधल्या रकान्यांत सोंगट्या मांडत आणि उचलत हिशेब चाले. बुद्धिबळात दोन पक्षांची लढाई होते तशीच ती इथे या दोघांत होते, असंही तो म्हणतो. सरकारी हिशेबतपासणीचं इतकं चपखल वर्णन नंतर कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

कापड कशाला लागलं, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. रोमन आकड्यांत बेरीज करून बघा म्हणावं. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. त्यात १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. म्हणून पहिला रकाना पेन्सचा, दुसरा शिलिंगांचा, मग पौंडांचा, मग पौंडांच्या विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. सोंगटी कुठल्या रकान्यात आहे यावर तिची किंमत. रुपये-आणे-पैचे हिशेब केलेल्या पिढीला हे पटकन कळेल. आपल्याकडे ते १९५७ साली दशमान नाण्यांबरोबर संपले.

शेरीफने पैसे भरले की पावती म्हणून हेझलच्या लाकडाची काठी मिळे. तिच्यावर खाचा : हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला फुगलेल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. लांब भाग पैसे भरणाऱ्याकडे, त्याचं नाव ‘स्टॉक’. आखूड भाग खजिन्याकडे, त्याचं नाव ‘फॉइल’. दोन्ही भागांवरच्या खाचा जुळल्या तरच व्यवहार खरा. काउंटरफॉइलमधला ‘फॉइल’ आपल्याला पानाच्या अर्थाने माहीत असतो, पण या काठीच्या तुकड्याचंही तेच नाव होतं आणि त्याचं काम बँकेच्या स्थळप्रतीने पुढे चालवलं. काठ्यांची पद्धत १८२६ पर्यंत रेटली गेली. त्यानंतर साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटच्या इमारतीखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत पार्लमेंटच जळून गेलं.

आता स्पेलिंगचा उलगडा. बँकेच्या कागदाला इंग्लंडात दोन्ही प्रकारे लिहीत होते, साधा ‘सीके’ शेवटी असलेला आणि ‘क्यू’वाला. ‘क्यू’ आला एक्सचेकरच्या नादाने : पैशांचा मामला, सरकारी खजिन्याचं भारदस्त नाव, अक्षरं तशीच दिसलेली बरी. १८२८ मध्ये गिल्बार्ट या बँकरने आपल्या बँकव्यवहारावरच्या पुस्तकात ‘क्यू’वालं रूप मुद्दाम पसंत केलं आणि कारणही दिलं, की यात घोटाळा होत नाही आणि ते एक्सचेकरशी जुळतं. पुढे ब्रिटनमध्ये आणि त्यांच्या वसाहतींत ते रूढ झालं. आपला १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट), ज्याच्या कलम १३८ खाली न वटलेल्या चेकचे खटले चालतात, तोही ‘क्यू’नेच लिहितो. अमेरिकेने साधं रूप ठेवलं. विद्यार्थ्याला एवढं सांगितलं तरी पुरे : भारतात बँकेचा असेल तर ‘क्यू’, त्याने विचारलेल्या बाकीच्या तिन्ही चेकना ‘सीके’.

आता तो ‘सक्क’. मजकूर अगदीच हवेतला नाही, म्हणून जरा नीट उत्तर देते. अरबांच्या व्यापारात ‘सक्क’ नावाचे लेखी कागद खरोखर होते, देणं मान्य करणारे. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहारा वाळवंटाच्या दक्षिण टोकाच्या औदाघुस्त गावी ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याची नोंद केली आहे. ‘सक्क’ मुळात फारसी ‘चक’वरून आला असंही मानतात, अरबीत ‘च’ नसल्याने ‘स’. ‘चक’ आणि ‘चेक’ शेजारी ठेवले की कुणीही भुलेल.

मी भुलत नाही, त्याची दोन कारणं. पहिलं, वाटेत पावलं दिसत नाहीत. अरबी व्यापारातला शब्द युरोपात येतो तो इटली आणि स्पेनच्या बंदरांतून. ‘टॅरिफ’ तसाच आला. ‘सक्क’ तसा आला असता तर इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच भाषांत तो इंग्रजीच्या आधी दिसायला हवा होता. प्रत्यक्षात फ्रेंचांनी बँकेचा ‘शेक’ इंग्रजीकडून घेतला, स्पॅनिश लोकांनीही नंतरच घेतला, आणि इटालियनमध्ये तर त्याला ‘असेन्यो’ असा घरचाच शब्द आहे. दुसरं कारण जास्त वजनाचं : इंग्रजीत मधल्या सगळ्या पायऱ्या लेखी सापडतात. शह, अडवणं, पडताळा, पडताळ्याची स्थळप्रत, मग कागद. एवढा जिना समोर असताना खिडकीतून उडी कशाला मारायची? कागदाची कल्पना जुन्या जगात अनेक ठिकाणी होती, आपल्याकडे हुंडी होतीच. कल्पना सापडली म्हणून शब्दाचं मूळ सापडत नाही.

हुंडीवरून आठवलं. चेक मराठीत आला तो एकटा. त्याला लागणारी क्रियापदं हुंडीच्या घरातून मिळाली. हुंडी वटते, चेकही वटतो. इंग्रजीत चेक ‘साफ’ होतो किंवा ‘उसळी’ खातो. आपण मात्र चेक वटला म्हणतो, आणि नाही वटला तर परत आला म्हणतो. ‘बाउन्स झाला’ हे अलीकडचं. ‘धनादेश’ हा शब्द कागदोपत्री आणि बातम्यांत चांगला रुळला आहे. बोलताना सक्ती करू नये.

या सगळ्याचा वर्गाबाहेर काही उपयोग आहे का? माझ्या कामात रोज आहे. मध्यंतरी पैशांच्या व्यवहाराच्या एका अ‍ॅपचं कच्चं मराठी भाषांतर माझ्याकडे पाहायला आलं. मूळ मजकूर अमेरिकन इंग्रजीत, म्हणजे बँकेचा चेकसुद्धा ‘सीके’वाला. पडद्यावर ठळक बटण होतं : ‘तपासणी जमा करा’. त्याखाली ‘तपासणीचा फोटो काढा’. पुढे ‘सर्व तपासा’ आणि ‘तपासू नका’. पहिली दोन चेकबद्दलची होती. शेवटच्या दोहोंत चौकोनात खूण करायची होती : ‘सर्व निवडा’ आणि ‘खूण काढा’. वाचणाऱ्याने पैसे नेमके कसे भरावेत हे त्याचं त्याने ओळखायचं.

अशा वेळी मी वाक्यातल्या ‘चेक’च्या जागी आळीपाळीने अडव, ताडून पाहा, खूण, बिल्ला, बँकेचा कागद आणि चौकट हे शब्द ठेवून बघते, एक बसतोच. वर्तमानपत्रांत मात्र एक जागा अशी आहे जिथे बरेच जण घसरतात. एखाद्या नेत्याची कारकीर्द ‘चेकर्ड’ होती असं इंग्रजी बातमीत येतं आणि मराठीत ‘तपासलेली’, ‘रंगीबेरंगी’ असलं काहीतरी छापलं जातं. तिथे पट आहे : एक घर पांढरं, एक काळं. ‘चढउतारांची कारकीर्द’ म्हणा, किंवा माणूस जुनाजाणता असेल तर त्याने बरेच उन्हाळे-पावसाळे पाहिले म्हणा.

राहता राहिला चेक देश. त्याचा शाहशी काही संबंध नाही. ‘चेख’ हे तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव आणि इंग्रजीने त्याचं स्पेलिंग पोलिश पद्धतीने उचललं. तुमच्या वर्गातला तो विद्यार्थी पुढच्या तासाला हे विचारणार, म्हणून आधीच लिहून ठेवलं.